एकाहत्तर तासांचा मजला

"एकाहत्तर! मैत्री, गेल्या आठवड्याचेही बरोब्बर एकाहत्तर तास!"

सिद्धेशने मोबाइल मैत्रीच्या नाकासमोर नाचवला. ऑफिसच्या मागच्या जिन्यात दोघांची अचानक गाठ पडली होती. संध्याकाळचे सहा वाजले होते. मैत्रीच्या खांद्याला पर्स होती आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव.

तळवड्याच्या त्या कंपनीत चाकणच्या मोटार कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होई. तिसऱ्या मजल्याचा साहेब सिद्धेश. त्याने मालकांना शब्द दिला होता, माझी शहाण्णव माणसं आठवड्याला सत्तर तास काम करून दाखवतील. महिनाभर बघा, जमलं तर चारही मजल्यांना लागू करा. महिना आज भरला होता. उद्या मालक, उद्धवराव, स्वतः बघायला येणार होते.

मोजणी सोपी होती. दिवसात कॉम्प्युटरला पहिला हात लागला की घड्याळ चालू, शेवटचा हात लागला तिथे बंद. कुणाचं नाव दिसत नसे, दिसे ती मजल्याची सरासरी. "नावं लावायची नाहीत, ही काय शाळा आहे का?" असं पहिल्या दिवशी मैत्रीनेच भांडून कबूल करून घेतलं होतं.

"सर, पण मी तर रोज सहाला जाते," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"ठाऊक आहे. तुझे तास बाकीचे पंच्याण्णव जण भरून काढतात. जरा लाज वाटू दे!" सिद्धेश हसला.

"पाळणाघर साडेसहाला बंद होतं, सर. उद्या हे कायमचं झालं, तर मला राजीनामाच द्यावा लागेल. आणि काम अडलंय का कुठे? माझं आठ तासांत होतं."

"काम अडलं नाही, उलट आठ दिवस आधी झालं. का झालं? हा आकडा बघ की! आकडा खोटं बोलतो का?"

 मैत्रीची नजर त्याच्या पाठीवरच्या बॅगेवर गेली. "तुम्हीपण निघालात?"

"मी घरून लक्ष ठेवतो. माणसाच्या डोक्यावर उभं राहिलं की तो बुजतो. विश्वास टाकला की राबतो."

खालच्या वळणावर आणखी कुणाची तरी पावलं लगबगीने उतरत होती. सिद्धेशचे डोळे मोबाइलमध्येच होते.

"वाट सोडा, सायेब." बादली घेऊन सरूबाई वर येत होत्या. चाकणच्या कारखान्यात पंचवीस वर्षं झाडलोट करून त्या इथे आल्या होत्या.

"सरूबाई, उद्या मालक येणार. कुठे धूळ दिसता कामा नये हं."

"समोर बांधकाम काढलंय, धूळ का मला इचारून येती? तुमी म्हनला तवापासनं म्हैनाभर सकाळ-सांज दोन टायमाला पुसते की. अजून काय चाटून काढू?"

मैत्रीला हसू फुटलं, पण ते ओठांवरच विरलं. ती भराभर पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच सिद्धेशचा मोबाइल वाजला.

"सिद्धेशराव, मी उद्धव. गेटवर हाय. दहाला येनार व्हतो, पन म्हनलं पोरं कामाला लागताना डोळ्यांनी बघावं. या लवकर!"

सिद्धेश मोशीहून सुसाट सुटला. सव्वासातला गाडी आत घातली, तेव्हा पार्किंग मोकळंच होतं. पोरं बसने आली असतील, त्याला वाटलं. वॉचमन ज्ञानदेव टोपी सावरत उठला. "सायेब, तुमी? इतक्या सकाळी?"

तळमजल्यावर मोठ्या पडद्यासमोर उद्धवराव जत्रेतल्या पोरासारखे उभे होते. पडद्यावर लिहिलं होतं, 'तिसरा मजला, कामाला लागलेले: ५०.'

बघता बघता एक्कावन्न झाले. मग बावन्न.

"आरं तिच्या मायला! पोरं माझ्याबी आधी वर जाऊन बसल्यात, सात वाजल्यापास्नं बघतोय. एकामागं एक, एका तालात! कवायत चाललीया जणू!"

"मी म्हटलं होतं ना, साहेब!" सिद्धेशचा ऊर भरून आला. इतक्या सकाळी हे दृश्य तोही पहिल्यांदाच बघत होता.

"मी कारखान्यात प्रेसच्या मशीनवर कामाला व्हतो, तवा आमची एक रीत व्हती. आल्या आल्या मशीन पुसायचं, हात लावून कपाळाला न्यायचा, मगच शिफ्ट चालू. लोक म्हनत्यात, हल्लीच्या पोरांना कामाची भक्ती न्हाई." उद्धवरावांनी पडद्याकडे बोट केलं. "ही काय मग? सोमवारपासनं चारी मजले! चारशे लोकांना कळवायचं. लिवा हितंच."

सिद्धेशने तिथल्या तिथे मजकूर टाइप केला. 'सोमवारपासून सर्वांना आठवड्याला सत्तर तास.'

"पाठवू, साहेब?"

"थांब की गड्या. आधी त्या पोरांना हात जोडू दे. मी दार उघडलं की पाठव."

लिफ्टची वाट बघायचाही त्यांना धीर नव्हता. पासष्टीचे उद्धवराव दोन-दोन पायऱ्या चढत निघाले. मागे सिद्धेश, मोबाइलवर वाढणारे आकडे ओरडून सांगत. चौसष्ट! पासष्ट! सहासष्ट!

तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर उद्धवरावांनी पायांतल्या चपला काढल्या. "देवळात चाललोय," ते दम खात म्हणाले. सिद्धेशचा अंगठा तयार होता. उद्धवरावांनी दार ढकललं आणि दोन्ही हात जोडले.

शहाण्णव खुर्च्या रिकाम्या होत्या. पलीकडच्या रांगेत एकट्या सरूबाईंनी माउस उचलला, खालची धूळ फडक्याने टिपली, माउस जागेवर सरकवून तोच हात कपाळाला लावला; आणि सिद्धेशच्या मोबाइलवर सत्तरचे एकाहत्तर झाले.