मालवण आलं की उठव

“बाबा, अंदमान मागे पडलं,” ऊर्मी माइकमध्ये म्हणाली.

“आणि मालवण?” आतून माधवरावांचा आवाज आला. “मालवण आलं की उठव म्हटलं होतं ना?”

“तुम्ही झोपला होतात. आता अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून यावं लागेल. हे स्थानक आहे, रिक्षा नाही, वाटेल तिथे वळवायला!”

माधवराव काही खरोखर अंतराळात नव्हते. ते होते वेलचेरीतल्या भाड्याच्या शेडमध्ये, प्लायवूड आणि पत्र्याच्या एका लांबट खोलीत. ऊर्मी आणि उपेंद्र या दोघांच्या चिमुकल्या कंपनीला खासगी अंतराळस्थानक बांधायचं होतं, आणि हा त्याचा नमुना. खिडकीच्या जागी दुधी काच आणि तिच्यामागे ट्यूबलाइट.

आता स्थानक बांधाल हो, पण वर कोण नेणार? त्याला रॉकेट लागतं. रॉकेटवाल्या कंपनीचं ऑफिस त्याच शहरात, नुंगंबाक्कमला होतं. तिथले चंद्रमौळी म्हणाले होते, “भागीदारी करू. पण आधी साठी उलटलेला एक साधा माणूस तीन आठवडे आत ठेवून दाखवा. उद्या तिकिटं म्हातारेच काढणार!”

“मी राहतो,” माधवराव लगेच म्हणाले होते. रेल्वेच्या डबा कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. “डब्यात राहायची मला सवय आहे.”

खरं कारण ऊर्मीला ठाऊक होतं. आई, रत्नप्रभाबाई, गेल्यापासून त्यांना घर खायला उठत होतं. रात्र रात्र वेताच्या खुर्चीत बसून असायचे. आई कौतुकानं म्हणायची, “हे झोपले की श्वाससुद्धा ऐकू येत नाही. शेजारी कुणी आहे असं वाटतच नाही.” आता ते झोपतच नव्हते. आईच्या मागोमाग बाबाही जातील, ही धास्ती ऊर्मीच्या मनात घर करून बसली होती.

तिचं स्वतःचं तसं बरं चाललं होतं. कामाच्या धबडग्यात डबा उघडायचा राहून जायचा, कंप्युटरपुढे रात्र सरायची, एवढंच.

पहिल्याच दिवशी माधवरावांनी विचारलं, “खाली काय दिसतंय गं?” ऊर्मीपुढे नकाशा होता, त्यावर स्थानकाची जागा दाखवणारा एक ठिपका सरकत होता. तिनं नाव वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी नावाला नदी जोडली, मग नदीला होड्या, होड्यांना दिवे. बोलता बोलता तिलाच ते दिसायला लागलं.

जेवणाचीही गंमतच. “एकटा नाही जेवणार,” माधवराव हटून बसायचे. “तू काय आणलंयस? घे पाहू घास. मग मी घेतो.” बाबांनी खावं म्हणून ऊर्मी डबा उघडायची. जेवण झालं की ते म्हणायचे, “जरा पडतो.” आणि थोड्याच वेळात स्पीकरमधून घोरणं सुरू व्हायचं. चांगलं घर्र घर्र, गिरणी लावल्यासारखं! बाबा झोपले, बाई, झोपले एकदाचे! त्या आवाजानं तिचेही डोळे मिटायचे. टेबलावर डोकं टेकलं की थेट चहालाच जाग.

आणि एका सकाळी चंद्रमौळींचा फोन आला. फार गोड बोलले. त्यांचं रॉकेट दुसऱ्याच कुणाच्या स्थानकाशी जुळलं होतं.

“सरी, ठीक आहे, संपलं,” उपेंद्र म्हणाला. तो तंजावरकडचा, माधवरावांना मामा म्हणायचा. “मामांना बाहेर काढू या.”

“नको,” ऊर्मी म्हणाली. “इथे ते जेवतात, झोपतात. घरी नेलं की पुन्हा ती खुर्ची. शेड महिनाअखेरपर्यंत आपलीच आहे ना? तीन आठवडे पुरे होऊ देत. त्यांना कळता कामा नये, उपेंद्र. माझी शपथ आहे.”

उपेंद्रनं नुसती मान खाजवली.

“रॉकेटवाले काय म्हणतात?” त्या दुपारी माधवरावांनी विचारलं.

“खूश आहेत.”

“असणारच. मुलगी कोणाची! बरं, जेवून घे. मी पडतो जरा.”

पुढचे दिवस स्वप्नासारखे तरंगत गेले. निळे समुद्र आले, बर्फ आलं, वाळवंटातला एकटा दिवा आला. मग एकदा मालवण आलं, आईचं माहेर.

“अंगण दिसतंय?” माधवरावांनी विचारलं.

“दिसतंय. कोकमं वाळत घातलीत.”

“कुणी?”

“आईनं,” ऊर्मी म्हणाली आणि ढसाढसा रडली. आई गेली तेव्हा पाहुण्यांची सरबराई करताना तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. माइक बंद करायचंही तिला भान राहिलं नाही. आतून बराच वेळ नुसतं “आहे मी, आहे मी” ऐकू येत होतं.

तीन आठवडे सरले. माधवराव बाहेर आले, उजेडाला डोळे मिचकावत हसले आणि तोंड धुवायला नळावर गेले. चेहरा कसा टवटवीत झाला होता! ऊर्मीला गहिवरून आलं. स्थानक गेलं तर गेलं, बाबा तर राहिले.

“आज घरी गेल्यावर सांगते त्यांना,” ती उपेंद्रला हळूच म्हणाली. “तू तोंड उघडलं नाहीस, फार उपकार झाले.”

“अय्यो, मला कुठे जमतं खोटं?” उपेंद्र ओशाळून म्हणाला. “फोन आला त्याच दुपारी, तू टेबलावर झोपलीस तेव्हा सांगायला म्हणून आत गेलो. बघतो तर मामा टक्क जागे, मांडी घालून माइकपुढे घोरतायत! मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं आणि कानाशी लागून म्हणाले, ‘हळू बोल. आई गेल्यापासून आत्ता कुठे पोर जेवतेय, झोपतेय. तिला काही सांगू नकोस, मला अजून थोडे दिवस वरच राहू दे.’”