दादाचा लाडका नर

नवरा गेल्यावर चार महिन्यांनी उगवलेले धाकटे दीर अंगठीने माशांच्या टाकीची काच वाजवत होते.

“वहिनी, समुद्री माशांचं हे लचांड तुम्हाला झेपायचं नाही. टाकी मी घेऊन जातो. हा लालनिळा रॅस मासा दिसतोय ना? दादाचा लाडका नर. हजारात ओळखेन!”

ओळखतील हो! दादाच्या आजारपणात दवाखान्याचा रस्ता मात्र ओळखता आला नव्हता.

मी टाकीच्या पाण्यासाठी बादलीत मीठ ढवळत राहिले. “तो नर हे हयात असतानाच मेला, भाऊजी. ही तेव्हाची मळकट मादी. नर गेला की रॅसची मादीच नर होते. रंग धरते, टाकीवर राज्य करते.”

त्यांचं बोट काचेवरच थांबलं.

“आणि काच वाजवू नका. तिला खपत नाही.”