जावेचं बीपी

धाकट्या जावेला बीपी निघालं आणि घरात तिची बडदास्त सुरू झाली. तिची अळणी भाजी मी वेगळी काढायची. संध्याकाळी नवे बूट घालून ती फिरायला निघाली, की सासूबाई दारापर्यंत जाऊन म्हणायच्या, "सावकाश ये गं, कामं काय, होतील!" ती कामं करता करता माझा नुसता जळफळाट व्हायचा.

परवा डोकं ठणकलं म्हणून मीही तपासून घेतलं. माझं बीपी तिच्याहून जास्त! डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, रोज तासभर चाला. जग जिंकल्यासारखी घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं.

"अगं बाई! मग आता तुझीही भाजी अळणीच काढ हो," त्या कळवळून म्हणाल्या.

"आणि चालायचं म्हणशील, तर ते तुझं घरात होतंच की दिवसभर."