मागून पडलेली थाप

ज्ञानोबा तीस वर्षं जीप चालवत होते. जीप मागं घ्यायची असली की बायको नागुबाई उतरायची आणि पत्र्यावर थाप मारत ओरडायची, "येऊ द्या, येऊ द्या!"

नव्या गाडीत मागचं सगळं पडद्यावर दिसतं.

"बस आता आरामात," ज्ञानोबा बायकोला म्हणाले. "तुही नोकरी गेली."

"बरं झालं. लई धूळ खाल्ली."

भर दुपारी, कंधारजवळ पाहुण्यांच्या शेतात त्यांनी रिव्हर्स टाकला. पडद्यावर सपाट, मोकळं रान होतं.

मागून थाप पडली. "येऊ द्या, येऊ द्या!"

सवयीनं त्यांनी गाडी मागं घेतली.

शेजारी बसलेल्या नागुबाईनं त्यांचा हात घट्ट धरला. "थांबा! मागं विहीर हाय."

ब्रेक दाबून त्यांनी मान वळवली. विहिरीच्या उघड्या तोंडावर, अधांतरी, नागुबाई उभी होती.

"तिकडं बघू नका," शेजारची नागुबाई कुजबुजली.

पुन्हा थाप पडली. ब्रेकवरचा त्यांचा पाय हळूहळू उचलला जात होता.