शेवटचं पाणी

सकाळी चहाचं आधण ठेवायला धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या दाराशीच थबकली. परसातली भेग रात्रीतून उंबरा ओलांडून आत आली होती. परवा भरलेलं सिमेंट भेगेने सरळ पोटात घातलं होतं.

परसात धाकटीचा धुण्याचा धंदा, मधल्या भिंतीपलीकडे थोरल्या जावेची रोपवाटिका. पाण्यावरूनच दोघींचं फाटलं होतं. हिने बोअर खोल नेली की ती आणखी खोल नेई. ईर्ष्येला तळ नव्हता, पाण्याला मात्र होता. खालचं पाणी उपसलं गेलं तशी जमीन खचत गेली. मधल्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली, तरी अबोला शाबूत होता.

"आपण एकट्यांनी थांबून काय होणार?" नवरा म्हणाला. "वहिनी उपसतच राहणार. लष्कराच्या भाकऱ्या आपणच का भाजायच्या?"

"घर काय लष्कराचं आहे?" म्हणत तिने परसात जाऊन मोटर बंद केली.

तिने कपड्यांचे गठ्ठे मोजले. आता सगळी भिस्त तासभर येणाऱ्या नळावर. निम्म्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागणार होतं. पण घरच बसलं तर इस्त्री कुठे मांडायची?

पलीकडे थोरलीची मोटर घुमतच होती. धाकटीने आपल्या मोटरचा फ्यूज उपटला आणि भिंतीच्या चिरेत हात घातला.

"जाऊबाई, हा माझा फ्यूज. तुमच्याकडेच ठेवा. घरात राहिला तर मला मोह होईल."

पलीकडून फ्यूज तिच्या बोटांतून काढून घेतला गेला.

"आणि माझी रोपं?" भिंतीपलीकडून आवाज आला. "ती काय तुझ्या शहाणपणावर जगतील?"

"ते तुम्ही बघा." धाकटीने पदर खोचला आणि नळाखाली बादली सरकवली.

तिने पहिले कपडे घासले, खळबळले, पुन्हा खळबळले. खळबळलेल्या पाण्याची शेवटची बादली ओतून द्यायला उचलली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पलीकडची घरघर थांबली आहे.

भिंतीच्या चिरेतून हिरव्या पाइपचं तोंड आत आलं.

"फेकू नकोस ते," थोरली खेकसली. "इकडे सोड."