आमिषाचे फोटो

फोटोमागून फोटो कुलूपबंद होत चालले होते आणि बाई पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हत्या. शेजारच्या टेबलावरच्या नानांनी चहाचा कप त्यांच्याजवळ सरकवला. तो त्यांना दिसलासुद्धा नाही.

एका हॉस्पिटलची सगळी रेकॉर्डं खंडणी मागणाऱ्या व्हायरसने बंद करून टाकली होती. त्यापायी सात वर्षांच्या एका मुलाचं हृदयाचं ऑपरेशन अडलं होतं. जुने रिपोर्ट हाती आल्याशिवाय सर्जन सुरी उचलणार नव्हते. तो व्हायरस वेगळ्या ठेवलेल्या कम्प्युटरवर सोडायचा, कसा वागतो ते पाहायचं आणि त्याच्या कुलपाची किल्ली शोधायची, हे बाईंचं काम.

व्हायरस मोठा बेरकी. रिकामा कम्प्युटर दिसला की मेल्याचं सोंग घ्यायचा. इथे कुणीतरी खरंच नांदतंय अशी खात्री पटली, तरच कामाला लागायचा. म्हणून आमिष लागतं. बाईंनी स्वतःच्या लेकीचे फोटो घातले होते. लेक जाऊन दोन वर्षं झाली होती.

“दुसरं काही घाला हो,” नाना तेव्हाच म्हणाले होते. घरी प्रती आहेत, असं सांगून बाईंनी विषय संपवला.

मग रोज तेच. व्हायरस नव्याकडून जुन्याकडे जायचा, हेही बाईंनीच टिपलं होतं. आधी हॉस्पिटलच्या खाटेवरची लेक जायची, मग दात पडलेली, शेवटी दुपट्यातली. संध्याकाळी बाई एक बटण दाबून कम्प्युटर सकाळसारखा करायच्या आणि लेक हसत परत. त्या क्षणी बाईंचा चेहरा असा व्हायचा की नाना नजर दुसरीकडे वळवायचे.

“घरच्या फोटोंत ती नुसती असते, नाना,” त्या एकदा म्हणाल्या. “इथे जाते आणि परत येते.”

साहेबांनी काम दुसऱ्या कुणाला द्यायचं काढलं, तेव्हा नानाच भांडले. बाई जिवाचं रान करतायत, डबासुद्धा न उघडता घरी नेतायत. परक्या लेकरासाठी एवढं सोसणारं माणूस दुसरं दाखवा, असं त्यांनी साहेबांना सुनावलं.

दहाव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचा फोन आला. मुलाला धड श्वास घेता येत नव्हता. आता थांबण्यात अर्थ नाही, डॉक्टर म्हणत होते. नानांनी रिसीव्हर हातातच धरून ते बाईंना सांगितलं.

बाईंनी पडद्यावरून नजर काढली. “त्याची आई आहे तिथे?”

“खाटेपाशीच बसून आहे म्हणे.”

बाईंनी पर्समधून एक कागद काढला, नानांच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. कागदावर किल्ली होती. नानांनी ती फोनवर एकेक अक्षर करून कळवली. पाचच मिनिटांत पलीकडून ओरडण्याचा आवाज आला. उघडलं होतं, सगळं उघडलं होतं.

नानांचे डोळे भरून आले. ते कागदाची पुन्हा घडी घालू लागले. कागद घड्यांवर पार विरून गेला होता. वरच्या कोपऱ्यात बाईंच्याच अक्षरात तारीख होती, पहिल्या दिवसाची.