फळ्याचं एकुलतं गिऱ्हाईक
"सर, खुर्चीवर बसा. खाली गार लागंल," सुमनबाई म्हणाल्या.

माधवराव तरीही सतरंजीवरच टेकले. आश्रुबाच्या घरात आश्रुबा नसताना खुर्चीत बसणं त्यांच्या जिवावर आलं.

मित्र जाऊन सोळा दिवस झाले होते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माधवरावांनी सकाळी पुण्याची गाडी धरली आणि त्याच दिवशी संध्याकाळी आश्रुबा गेला. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली, त्यामुळं तेराव्यालाही पोचता आलं नाही. आज वालूरला उतरले आणि पिशवी घरात टाकून थेट इथं आले. सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, पण सांत्वनाचं एक वाक्य जुळेना.

"फळा कोराच दिसला," शेवटी सुमनबाईच म्हणाल्या.

"राहू द्या कोराच, वहिनी. बंद करतोय मी."

बसथांब्याच्या भिंतीवरचा तो फळा म्हणजे माधवरावांचा निवृत्तीनंतरचा खटाटोप. रोज सकाळी ते तिथं एक इंग्रजी म्हण लिहीत, खाली मराठीत अर्थ. कधी कष्टाची, कधी मैत्रीची, कधी वेळेची, कधी संकटाची. गाव त्याच फळ्याला पाठ टेकून मोबाईल बघत बसे. वाचणारं कुणी नव्हतं. ऐकणारा एक होता, आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. आश्रुबा शेतावर जाताना थांबायचा, "आज काय म्हनायलाय तुमचा फळा?" असं विचारायचा, अर्थ ऐकून मान डोलवायचा आणि चालू लागायचा. तो आपलं मन राखायला थांबतो, अशी माधवरावांची खात्री होती. आता तोही नाही, तर खडू झिजवायचा कुणासाठी?

"वहिनी, खरं सांगा. माघारी माझी थट्टाच करत असेल ना तो?"

"थट्टा?" सुमनबाईंनी पदरानं डोळे पुसले. "सर, तुमचं बोलनं म्हंजे त्यांना देवाचा शब्द. बन्सीधर भावजींशी नऊ वर्सं अबोला होता. तुमी एक दिवस काय तरी सांगितलं, अन् त्याच दिशी भावाच्या दारात जाऊन बसले. पत्ते सोडले, तेबी तुमच्यामुळंच. घरी आले की मला समदं सांगायचे."

इतकी वर्षं आपण भिंतीशी बोलतोय असं माधवराव धरून चालले होते, आणि या माणसानं ओळ न् ओळ घरी आणली होती, अंगी लावली होती. दुःखातही त्यांना मनापासून बरं वाटलं. उद्या सकाळी पुन्हा लिहायचं, हे त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं.

"त्या दिवशी मात्र मी घाईत होतो," ते म्हणाले. "गाडी आली होती. 'टाइम हील्स ऑल वुन्ड्स' लिहिलं, वेळ गेला की दुःख भरून येतं एवढं सांगून चढलो. धड बोललोही नाही त्याच्याशी."

"बोलला की. तेवढंच धरून घरी आले." सुमनबाई कौतुकानं सांगू लागल्या. "सकाळपासून छातीत कळ येत होती, डावा हात जड झालता. पोरानं दारात जीप आणली, परभणीला दवाखान्यात चला म्हनलं. बसंचनात. म्हनले, सरांनी आजच समजावलंय, दुखन्याला वेळ द्यावा, वेळ गेला की आपसूक बरं होतंय. अन् दिसभर पडून ऱ्हायले. तुमच्या शब्दाबाहेर न्हाई गेले, सर, शेवटपर्यंत."